विश्लेषण : टँकर येत होता, पण पाणी कोणाचे होते? अमेरिकेतील वाळवंटी वसाहत कोरडी कशी पडली?

अमेरिकेतील अॅरिझोना राज्यात स्कॉट्सडेल या शहराने १ जानेवारी २०२३ पासून आपल्या हद्दीबाहेर जाणाऱ्या टँकरना पाणी भरू देणे बंद केले. त्यामुळे शहराला लागून असलेल्या रिओ व्हर्डे फूटहिल्स या छोट्या वसाहतीतील शेकडो घरांचा नेहमीचा पाणीपुरवठा थांबला. श्रीमंत देशातील, लाखो डॉलरच्या घरांवर ही वेळ का आली?

वसाहत नेमकी कुठे आहे?

फिनिक्स महानगराच्या ईशान्येला, सोनोरन वाळवंटाच्या पायथ्याच्या टेकड्यांवर साधारण दोन हजार घरांची ही वसाहत आहे. ती मॅरिकोपा काउंटीत येते, पण कोणत्याही शहराच्या हद्दीत नाही. त्यामुळे शहराचा कर नाही आणि शहराची जलवाहिनीही नाही. बऱ्याच घरांकडे स्वतःची विहीर आहे; उरलेली शेकडो घरे टँकरवर चालतात. अनेकांच्या अंगणात पाच हजार गॅलनची, म्हणजे सुमारे १९ हजार लिटरची टाकी असते. हे टँकर वर्षानुवर्षे स्कॉट्सडेलच्या भरणा केंद्रावर भरले जात होते.

शहराने पाणी का तोडले?

स्कॉट्सडेलचे बहुतांश पाणी कोलोरॅडो नदीतून, सुमारे ५४० किलोमीटर लांबीच्या कालव्याने येते. ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकी सरकारने या नदीवर इतिहासात प्रथमच अधिकृत टंचाई जाहीर केली. २०२२ साठी अॅरिझोनाच्या वाट्यात सुमारे १८ टक्के कपात झाली. त्यानंतर शहराने टंचाई आराखडा लागू केला आणि हद्दीबाहेरचे टँकर बंद होतील, अशी सूचना वर्षभर आधीच दिली. आधी आपले नागरिक, ही शहराची भूमिका होती. रहिवासी न्यायालयात गेले, पण तातडीचा दिलासा मिळाला नाही.

मग इतकी घरे उभी राहिली कशी?

खरी गोम इथे आहे. अॅरिझोनाच्या १९८० च्या भूजल कायद्यानुसार फिनिक्स परिसरात सहा किंवा अधिक भूखंडांचा प्रकल्प करायचा असेल, तर १०० वर्षे पुरेल इतके पाणी असल्याचे सिद्ध करावे लागते. पाच किंवा त्याहून कमी भूखंड पाडले तर ही अट नाही. मोठ्या जमिनीचे पाच-पाच तुकडे करून विकण्याची पळवाट त्यातून निघाली. प्रत्येक व्यवहार कागदोपत्री छोटा. एकत्रित परिणाम मात्र अख्ख्या वसाहतीचा.

तोडगा काय निघाला?

स्वतःचे जलमंडळ स्थापण्याचा रहिवाशांच्या एका गटाचा प्रस्ताव काउंटीने २०२२ मध्ये फेटाळला. नवे सरकारी मंडळ नको, असे वसाहतीतील विहीरवाल्यांपैकी अनेकांचेही म्हणणे होते. पाणी तुटल्यावर टँकर दूरवरून येऊ लागले आणि दर अनेक पटींनी वाढले. काही कुटुंबे कागदी ताटांत जेवू लागली, शौचालयासाठी पावसाचे पाणी साठवू लागली. अखेर जून २०२३ मध्ये राज्याने विशेष कायदा केला आणि ऑक्टोबरमध्ये स्कॉट्सडेलमधून पुन्हा टँकर सुटले. मात्र ही व्यवस्था २०२५ अखेरपर्यंतचीच होती. कायमस्वरूपी पुरवठ्याची जबाबदारी ‘एपकॉर’ या कंपनीकडे सोपवण्यात आली.

आपण यातून काय घ्यावे?

टँकर हे पाणी पोहोचवण्याचे साधन आहे, पाण्याचा स्रोत नाही. रिओ व्हर्डेत पाणी रोज येत होते, म्हणून ते आपल्या हक्काचे आहे का, हा प्रश्न अनेकांना पडलाच नाही. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली. त्यांतल्या अनेक सोसायट्यांचा दिवस आजही टँकरच्या हॉर्नने सुरू होतो. फरक इतकाच, की यांतली बहुतेक गावे आता शहराच्या हद्दीत आहेत; निदान दाद मागायला एक दार आहे. तरीही शहराच्या कडेला फ्लॅट बुक करताना ‘पाणी आहे का?’ एवढेच विचारून थांबू नये. ते कुठून येते, त्यावर हक्क कोणाचा आणि टंचाईत आधी कोणाचे तोडले जाईल, हेही विचारावे. तोंडी नव्हे, कागदावर.