एका गोलाचा फरक

'फक्त एका गोलानं हरले हो!' हे वाक्य भारतीय हॉकीच्या चाहत्याइतकं दुसऱ्या कुणी उच्चारलं नसेल. एका गुणानं नापास झालेल्या मुलाचे वडील, एका मिनिटानं लोकल चुकलेला चाकरमानी आणि हॉकीचा चाहता, या तिघांच्या चेहऱ्यावर एकच भाव असतो. त्यातल्या 'फक्त' या शब्दात मोठा दिलासा आहे. आपण जवळजवळ जिंकलोच होतो, मध्ये कुणीतरी दैव नावाचं आडवं आलं, असं त्या शब्दाच्या आधारानं म्हणता येतं. २०२५ च्या जून महिन्यात हा दिलासा मी पंधरा दिवसांत सहा वेळा घेतला. सातव्या वेळी तो घेता आला नाही, कारण त्या दिवशी आपण तीन गोलांनी हरलो.

घरोघरी क्रिकेटच चालू असतं, तेव्हा हा प्रकार काय होता ते आधी थोडक्यात सांगतो. प्रो लीग ही जगातल्या नऊ अव्वल संघांची साखळी स्पर्धा. प्रत्येकानं प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, म्हणजे वाट्याला सोळा सामने. २०२४-२५ च्या हंगामातले आपले पहिले आठ सामने फेब्रुवारीत भुवनेश्वरला झाले. त्यातले पाच जिंकले, पंधरा गुण मिळाले आणि संघ गुणतक्त्यात वरच्या घरात जाऊन बसला. पॅरिसच्या ब्राँझपदकाची झळाळी अजून होती. चाहत्यांनी मनातल्या मनात हंगामाचा निकाल लावून टाकला होता.

मग जून उजाडला आणि उरलेले आठ सामने खेळायला संघ युरोपात गेला. आम्स्टेलव्हेनला नेदरलँड्सनं १-२ आणि २-३ असं हरवलं. तिथंच अर्जेंटिनानं ३-४ आणि १-२ असं हरवलं. पुढं अँटवर्पला ऑस्ट्रेलियाकडून दोन्ही वेळा २-३ आणि मग बेल्जियमकडून ३-६. ओळीनं सात पराभव. आठव्या आणि अखेरच्या सामन्यात, २२ जूनला, बेल्जियमला ४-३ असं हरवून संघानं श्वास घेतला. सोळा सामन्यांत अठरा गुण, नऊ संघांत आठवा क्रमांक. नवव्या क्रमांकाचा संघ स्पर्धेबाहेर जातो. त्याच महिन्यात आपला महिला संघ तळाला राहिला आणि खरोखरच बाहेर गेला. तेव्हा पुरुषांचं काय टळलं, हे लक्षात यावं.

आता सात पराभवांपैकी सहा एकाच गोलाचे. म्हणून पुष्कळ जाणकारांनी आणि माझ्यासारख्या पुष्कळ भाबड्यांनी म्हटलं, की संघ वाईट खेळला नाही, नशीब वाईट होतं. मला हे पटत नाही. त्याचं कारण माझ्या हॉकीच्या ज्ञानात नाही, ते बँकेच्या नोकरीत आहे.

संगणक यायच्या आधी आमच्याकडे सहा महिन्यांनी बचत खात्यांची लेजरं जुळवायचा मोठा सोहळा असे. शेकडो खात्यांच्या शिलका उतरवून बेरीज करायची आणि ती जनरल लेजरशी टॅली व्हायला हवी. एका शाखेत आमची बेरीज एका रुपयानं कमी आली. रात्रीचे नऊ वाजले होते. एक तरुण कारकून खिशातून रुपयाचं नाणं काढून म्हणाला, 'साहेब, हा माझा घ्या आणि आपण घरी जाऊ.' आमचे जुने मॅनेजर हसले नाहीत. ते म्हणाले, 'अरे, शंभराचा फरक असता तर मी एवढा घाबरलो नसतो. एक रुपयाच्या पोटात काय दडलंय, ते कळत नाही.' दोन दिवस व्हाउचरं उपसल्यावर कळलं. पाचशेचं एक व्हाउचर पोस्ट करायचंच राहिलं होतं आणि दुसरीकडे चारशे नव्व्याण्णवचं एक दोनदा पोस्ट झालं होतं. एका रुपयाच्या फरकामागे दोन घोळ एकमेकांना झाकून बसले होते.

एका गोलाच्या पराभवाचं असंच असतं. फरक लहान म्हणून दोष लहान, असं नाही. आपली आघाडीची फळी चांगली खेळत होती. अभिषेक, सुखजीत आणि दिलप्रीत गोल करत होते. त्या जमेच्या बाजूनं बचावातल्या गळतीला झाकलं, म्हणून तक्त्यावर 'फक्त एक' दिसला. तीन गोल करूनही हरणारा संघ दुर्दैवी म्हणायचा, की चार गोल देणारा संघ म्हणायचा, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

मग व्हाउचरं उपसू. नेदरलँड्सविरुद्धच्या पहिल्या सामन्यात बरोबरी होती आणि थाइस व्हॅन डॅमनं निर्णायक गोल केला तो ५८ व्या मिनिटाला. दोन दिवसांनी जुगराजनं ५४ व्या मिनिटाला बरोबरी साधून दिली, तर तीनच मिनिटांत यिप यान्सेननं पेनल्टी कॉर्नरवर ती मोडली. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या पहिल्या सामन्यात अभिषेकचे दोन गोल होते, तरी अखेरच्या टप्प्यात सामना निसटला. सगळेच सामने शेवटी हरलो असं मात्र म्हणता येत नाही. ऑस्ट्रेलियाविरुद्धचा दुसरा सामना पूर्वार्धातच हातून गेला होता. पण ज्या पराभवांनी जेवण कडू केलं ते शेवटच्या पाच मिनिटांचे होते.

या शेवटच्या मिनिटांशी आमच्या पिढीचं जुनं वैर आहे. १९७३ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना याच आम्स्टेलव्हेनला झाला. भारत २-० असा पुढं होता. डच संघानं बरोबरी केली, जादा वेळेत मिळालेला पेनल्टी स्ट्रोक आपण वाया घालवला आणि शेवटी पेनल्टी स्ट्रोकवरच विश्वचषक गेला. २००० साली सिडनीत पोलंडला हरवलं की उपांत्य फेरी नक्की होती. आपल्या खडकीचा धनराज पिल्ले त्या संघात होता. १-० अशी आघाडी होती आणि शेवटच्या दोन मिनिटांत पोलंडनं बरोबरी केली. २०१४ च्या विश्वचषकात बेल्जियम आणि इंग्लंड, दोघांनीही अखेरच्या क्षणी हरवलं. २०१६ ला रिओत जर्मनीनं सामना संपायला तीन सेकंद असताना गोल मारला. २०१८ ला जकार्तात, आशियाई खेळांच्या उपांत्य सामन्यात, मलेशियानं ५९ व्या मिनिटाला बरोबरी केली आणि शूटआउटमध्ये आपल्याला घालवलं. घड्याळात दोन मिनिटं उरली आणि आपण एका गोलानं पुढं असलो, की आमच्या सौ. आजही उठून देवघरात जातात. हॉकीतलं त्यांना काही कळत नाही, पण इतिहास चांगला कळतो.

असं का होतं? 'आपला स्वभावच तसा' हे उत्तर मला मान्य नाही, कारण याच मुलांनी ते खोटं पाडलं आहे. टोकियोत ५ ऑगस्ट २०२१ ला जर्मनीविरुद्ध १-३ अशा पिछाडीवरून आपण ५-४ असे पुढं गेलो. अवघे सहा सेकंद उरले असताना जर्मनीला पेनल्टी कॉर्नर मिळाला, तो श्रीजेशनं अडवला आणि एक्केचाळीस वर्षांनी ऑलिंपिक पदक आलं. पॅरिसमध्ये २०२४ साली न्यूझीलंडविरुद्ध ५९ व्या मिनिटाला गोल करून जिंकलो आणि अर्जेंटिनाविरुद्ध ५९ व्या मिनिटाला बरोबरी साधली. ग्रेट ब्रिटनविरुद्ध उपांत्यपूर्व सामन्यात अमित रोहिदासला १७ व्या मिनिटाला लाल कार्ड मिळालं. उरलेला सगळा वेळ दहा जण खेळले, १-१ अशी बरोबरी टिकवली आणि शूटआउट जिंकलं. ब्राँझपदकाच्या सामन्यात स्पेनविरुद्ध २-१ ही आघाडी शेवटपर्यंत सांभाळली. ज्यांना दहा जणांनी त्रेचाळीस मिनिटं किल्ला लढवता येतो, त्यांना अकरा जणांनी तीन मिनिटं लढवता येत नाही, असं कसं म्हणायचं?

फरक कुठं पडला, याचा माझा हिशेब असा. पहिली नोंद श्रीजेशची. पॅरिसनंतर तो निवृत्त झाला. त्याच्या जागी आलेले कृष्ण पाठक आणि आपल्या मुंबईचा सूरज करकेरा चांगले गोलरक्षक आहेत. पण श्रीजेश नुसता चेंडू अडवत नसे. मागून ओरडून तो चार बचावपटूंना जागेवर ठेवत असे. ब्रँचमधला जुना हेड कॅशिअर निवृत्त झाला, की रोकड तीच असते, पण तीन वाजता होणारा गोंधळ वाढतो, तसंच हे.

दुसरी नोंद दमछाकीची. आता सामना पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार सत्रांचा असतो आणि खेळाडू हवे तेव्हा बदलता येतात, म्हणून वेग शेवटपर्यंत उतरत नाही. बँकेत खेळाडूंच्या कोट्यातून आलेला एक फुलबॅक माझ्या शेजारच्या काउंटरवर बसत असे. तो म्हणायचा, 'पाय दमले की माणूस थांबतो, ते बरं. डोकं दमलं की माणूस धावतो, ते वाईट.' दमलेला बचावपटू स्टिक पुढं घालतो, चेंडू कुणाच्या तरी पायाला लागतो आणि पेनल्टी कॉर्नर जातो. यान्सेनसारखा ड्रॅगफ्लिकर समोर असला, की मग निम्मा गोल झालाच समजा.

तिसरी नोंद मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पॅरिसला जाताना क्रेग फुल्टन या प्रशिक्षकांनी शिकवलेला धडा होता, की आधी बचाव, मग विजय. युरोपात बरोबरी असताना आपण जिंकायची घाई केली, असं मला दिसलं. पराभवांची रांग लागली की ही घाई वाढतच जाते. लीगमध्ये बरोबरीलासुद्धा एक गुण असतो आणि शूटआउट जिंकलं तर दोन. त्या सहा सामन्यांपैकी तीन जरी बरोबरीत सोडवले असते, तरी आठव्या क्रमांकाची नामुष्की कदाचित टळली असती.

हे सगळं मांडताना दुसरी बाजूही लिहिली पाहिजे, नाहीतर हिशेब एकतर्फी होईल. आठही सामने परदेशात, समोर नेदरलँड्ससारखे ऑलिंपिक विजेते. त्यांच्याशी सहा वेळा एका गोलाच्या अंतरात राहणं हे आमच्या मधल्या काळातल्या संघांना साधलं नसतं. २००८ साली तर आपण ऑलिंपिकला पात्रसुद्धा ठरलो नव्हतो, हे विसरू नये.

आणि २२ जूनचा तो विजय? सुखजीतचे दोन गोल, रोहिदासचा एक आणि अगदी शेवटी हरमनप्रीतचा पेनल्टी स्ट्रोक. मी उडी मारली, हे कबूल. पण तोही एका गोलाचाच फरक होता आणि त्या दिवशीही तीन गोल खाल्ले होते. बेरीज एका रुपयानं जास्त आली, तरी आमचे मॅनेजर घरी सोडत नसत. कमी असलेला रुपया सगळे शोधतात, जास्त आलेला शोधायला शिस्त लागते.

ती शिस्त संघानं दाखवली, असं मानायला जागा आहे. सप्टेंबरमध्ये राजगीरला आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात सुखजीतनं पहिल्याच मिनिटाला गोल केला आणि कोरियाला ४-१ असं हरवून आपण २०२६ च्या विश्वचषकाची जागा मिळवली. कोरिया म्हणजे नेदरलँड्स नव्हे, हे खरं. पण पहिल्या मिनिटाची आघाडी साठाव्या मिनिटापर्यंत वाढवत नेली, खाल्ला तो एकच गोल. मला त्या चार गोलांपेक्षा त्या एकाचं समाधान जास्त वाटलं.

तेव्हा त्या हंगामाच्या अखेरीवर माझा शेरा असा, की जमा चांगली, खर्च बेहिशेबी, संस्था बुडीत नाही. आणि चाहत्यांना एक विनंती. दैव हे आपलं सस्पेन्स खातं आहे. जे कळत नाही ते तात्पुरतं तिथं टाकावं, हरकत नाही, पण ते खातं वर्षानुवर्षं उघडं ठेवू नये. पुढचा सामना बघाल तेव्हा गोल कुणी मारला एवढंच बघू नका. पंचेचाळिसाव्या मिनिटानंतर मागच्या चौघांकडे बघा, ते कुठं उभे आहेत आणि एकमेकांशी बोलताहेत का. तिथं सगळं जागच्या जागी दिसलं, तर आमच्या सौ.नाही शेवटची दोन मिनिटं देवघरातून बाहेर बोलवायला हरकत नाही.