चित्रपट दाखविणारी कांडी

दूरचित्रवाणीस जोडून इंटरनेटवरील चित्रपट दाखविणारी बोटाएवढी कांडी दुकानांत फार सोपी वाटते. घरीं ती वारंवार बंद पडूं लागली, कीं वडील चिरंजीवांवर रागावतात. वस्तुतः पुष्कळदां दोष अपुऱ्या विजेचा असतो. दूरचित्रवाणीच्या यूएसबी 2.0 खाचेंतून नियमाप्रमाणें 500 मिलिअँपिअरच मिळतात. तेवढ्यावर कित्येक कांड्यांचें भागत नाहीं. सोबतचा अडॅप्टर भिंतीवरील सॉकेटांत लावावा. वायफायचें प्रकरण याहून किचकट. 2013 सालच्या पहिल्या क्रोमकास्टला 2.4 गिगाहर्ट्झच्याच लहरी कळत. राउटर केवळ 5 गिगाहर्ट्झवर असला, तर त्याचें नांवच यादींत येत नसे, मग परवलीचा शब्द कितीही अचूक असो! पुष्कळ नव्या कांड्या दोन्ही लहरी ओळखतात. परंतु 5 गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींतून जातांना लौकर क्षीण होतात. कांडी परत करावयास निघण्यापूर्वीं राउटर एकदां त्याच खोलींत आणून पाहावा.