डोंगरच्या शेजाऱ्याशीं सचोटीचा व्यवहार

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर सातपुडा उभा आहे. जळगांव-जामोद व संग्रामपूर तालुक्यांची काळी जमीन संपली कीं डोंगर लागतो, आणि त्यांत भिंगारा, चाळीसटापरी यांसारखीं गांवें आहेत. कोरकू, निहाल, भिल्ल, भिलाला, बारेला हे लोक या डोंगरपट्टींत राहतात. कापूस वेचण्यास त्यांच्यांतील पुष्कळ माणसें आपल्या शेतांवर येतात. म्हणून आपण त्यांना ओळखतों तें बहुधा मजूर म्हणूनच. परंतु आतां एक नवा संबंध जुळूं पाहत आहे. शेतकऱ्यांनीं ठिकठिकाणीं उत्पादक कंपन्या काढिल्या आहेत व माल नुसता न विकतां त्याच्यावर प्रक्रिया करण्याकडे त्यांचें लक्ष लागलें आहे. चारोळी, मोहाचीं फुलें, डिंक, मध, सीताफळ हा माल त्यांना डोंगरांतूनच घ्यावा लागणार. म्हणजे शेतकरी आतां तराजूपाशीं खरेदीदार म्हणून उभा राहणार. तेथें त्यानें कसें वागावें, याचा विचार आम्हांस वाचकांपुढें मांडावयाचा आहे.

यासाठीं आधीं आपलाच इतिहास आठवावा. खामगांवास १८७० सालीं आगगाडीचा फांटा आला व येथील कापसास मुंबईची वाट मोकळी झाली. व्यापार वाढला, पण पिकविणाऱ्याच्या पदरीं त्याचा वांटा पुरा पडला नाहीं. रुमालाखालीं बोटें दाबून भाव ठरावयाचा व मालधन्यानें तोंडाकडे पाहत राहावयाचें, अशी रीत होती. कडता, धर्मादाय, हमाली अशा नांवांखालीं कधीं वजन तर कधीं पैसा कापला जाई. १८९७ सालीं वऱ्हाडांत कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला व बाजारावर समितीची देखरेख आली. पुढें हळूहळू उघडा लिलाव, खरें माप व हिशेबपट्टी हे शेतकऱ्याचे हक्क ठरले. जें आपल्या आजोबा-पणजोबांनीं व्यापाऱ्याकडे मागितलें, तेंच आज डोंगरच्या माणसास देण्याची पाळी आपल्यावर आली आहे.

कायदाही हेंच सांगतो. २००६ सालच्या वनहक्क कायद्यानें मध, मेण, लाख, डिंक, तेंदूपानें, बांबू, औषधी मुळ्या इत्यादि गौण वनोपजावर वननिवासी लोकांचा मालकी हक्क मान्य केला. आपला जिल्हा पांचव्या अनुसूचींत नसल्यामुळें पेसा कायदा येथें लागू नाहीं. यावरून डोंगरच्या लोकांस कांहींच हक्क नाहींत, असा समज होण्याचा संभव आहे. तो चुकीचा आहे. वनहक्क कायद्यास अनुसूचित क्षेत्राची अट नाहीं. मात्र १९९७ सालीं घोषित झालेलें अंबाबरवा अभयारण्य मेळघाट व्याघ्र प्रकल्पांत मोडतें. तेथील निर्बंध कडक आहेत, याची चौकशी खरेदीपूर्वीं अवश्य करावी.

हक्क हातीं आल्यावर गांव काय करूं शकतें, याचें उदाहरण शेजारच्या अमरावती जिल्ह्यांत आहे. मेळघाटाच्या पायथ्याशीं पायविहीर हें कोरकूंचें गांव. २०१२ सालीं त्यास जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. गांवकऱ्यांनीं उजाड टेकडीवर झाडें राखलीं, चराई आवरली, आणि तेथील सीताफळें 'नॅचरल्स मेळघाट' या नांवानें मुंबईच्या बाजारांत पाठविलीं. २०१४ सालीं त्या गांवास जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

दुसरें उदाहरण केरळांतील काणी लोकांचें. आरोग्यपच्चा नांवाची थकवा घालविणारी वनस्पति त्यांनींच १९८७ सालीं संशोधकांस दाखविली. तिच्यापासून 'जीवनी' हें औषध निघालें. १९९५ सालीं कोइमतूरच्या एका औषध कारखान्यास १० लाख रुपये व विक्रीवर शेंकडा २ या बोलीवर तें करण्याचा परवाना मिळाला. या उत्पन्नाचा अर्धा वांटा काणी लोकांस द्यावयाचा असें ठरलें व १९९७ सालीं त्यासाठीं न्यास स्थापन झाला. योजना स्तुत्य होती. परंतु सर्व काणी वस्त्यांचा विचार आधीं घेतलेला नव्हता, आणि वनखात्याच्या हरकतीमुळें कच्चा माल मिळण्यास अडचण पडली. सर्वांस आधीं विचारलें नाहीं, तर चांगला हेतूही कसा अडखळतो, तें यावरून दिसतें.

यावरून आमच्या मतें चार नियम निघतात. पहिला : बोलणें एकट्यादुकट्या माणसाशीं न करतां ग्रामसभेशीं करावें, आणि ठराव लेखी असावा. तो त्या लोकांच्या बोलींत समजावून सांगावा. कोरकू भाषा मराठीच्या कुळांतली नाहीं, आणि आपल्याच जिल्ह्यांतील निहाली भाषेचें नातें तर कोणत्याही ज्ञात भाषेशीं निश्चित झालेलें नाहीं. न समजतां उठविलेल्या अंगठ्यास संमति म्हणतां येत नाहीं. दुसरा : भाव आधीं जाहीर करावा, वजन सर्वांसमक्ष व्हावें, कडता कापूं नये व पैसा त्याच दिवशीं हातांत द्यावा. तिसरा : उचल देऊन हंगामाचा माल आधींच बांधून घेऊं नये. चौथा : झाडास सोसेल तेवढाच माल मागावा.

या शेवटच्या नियमांत आपलाही लाभ आहे. आज आपण सोडलें तर उद्यां दुसरा नेईल, या भीतीनें चारोळी पुष्कळदां कच्चीच ओरबाडली जाते व गर हलका निघतो. ग्रामसभेनें तोडणीचा दिवस ठरविला व तो सर्वांनीं पाळला, तर फळ पिकून येतें, फांदी शाबूत राहते व पुढच्या वर्षाची बेगमी होते. रुपयाला दोन आणे जास्त द्यावे लागले तरी चांगल्या मालांत ते भरून निघण्याजोगे आहेत.

खरेदीचा हंगाम तोंडावर येण्याची वाट न पाहतां, ज्या कंपन्यांस असा माल घ्यावयाचा आहे त्यांच्या संचालकांनीं आधींच डोंगर चढून ग्रामसभेपुढें बसावें, अशी आमची आग्रहाची विनंति आहे. त्या दिवशीं भाव सांगण्यापूर्वीं त्यांचें म्हणणें ऐकून घ्यावें.