गंजलेल्या जुन्या गाडीला हात लावण्याआधी…

जयपूरमध्ये राजपुताना ऑटोमोटिव्ह स्पोर्ट्स कार क्लबच्या रॅलीत चकचकीत जुन्या गाड्या पाहिल्या, की घरी ताडपत्रीखाली पडलेली आजोबांची स्पोर्ट्स कार आठवते ना? तीही पुन्हा उभी राहू शकते. फक्त घाई नको.

पहिलं काम मोबाइलचं. काहीही खोलण्याआधी फोटो काढा. नट-बोल्ट नाव लिहिलेल्या डब्यांत ठेवा. सहा महिन्यांनी गाडी जोडताना हेच कामी येईल.

मग गंज शोधा. जयपूरची हवा मुंबईसारखी खारी नाही, तरी पावसाचं पाणी दारांच्या तळाशी आणि मॅटखाली साचतंच. स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. पत्रा टणक असेल, तर तारेच्या ब्रशने घासून लगेच प्रायमर मारा. टोक आरपार गेलं, तर पुट्टीने झाकू नका. आत गंज वाढतच राहतो. तिथे नवा पत्रा वेल्ड करावा लागतो. ते काम कारागिराला द्या आणि त्याआधी बॅटरी, पेट्रोलची टाकी काढून घ्या. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीच शिरू नका.

आता महत्त्वाचं. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केला, तर ही संधी हुकू शकते. म्हणून नवं इंजिन टाकण्याचा मोह आवरा.

ब्रेक सगळ्यात आधी, रंग सगळ्यात शेवटी. आणि पहिल्या फेरीला शेजारच्या सीटवर आजोबाच हवेत!