फेरिस्तीतला वर्णक्रम

अकोला जिल्ह्यातील एखाद्या मोठ्या कचेरीच्या संगणकीय नामावलीत आडनावे शोधली असता ती ठरावीक क्रमानेच हाती येतील अशी हमी नसते. म्हणून रास्मुस लेर्डॉर्फ यांनी १९९५ मध्ये जगापुढे ठेवलेल्या पीएचपी भाषेत ही फेरिस्त लावणारी एक खास आज्ञा पुढे आली, जी केवळ अक्षरांचे संकेतांक ताडून पाही आणि जी २०२० च्या आठव्या आवृत्तीत रद्द झाली. संकेतांकांच्या हिशेबाने ‘ळ’ हा ‘ल’च्या पाठोपाठ येतो, आपल्या वर्णमालेत मात्र ‘ह’नंतर, परिणामी वऱ्हाडातले काळे कावऱ्यांच्या आधी बसत आणि क्षीरसागर ‘क’च्या रांगेत शिरत. आता नोंदी प्रथम यादीत घेऊन मराठी वर्णक्रम जाणणाऱ्या ‘कोलेटर’कडे सोपवता येतात, आणि मराठी दफ्तरांत त्याची सक्तीच असावी असे मला वाटते, मग कावरे, कासार, काळे हा क्रम आपोआप लागतो.