मिश्रणातील घटकप्रमाण आणि फलाचा अर्थ

कल्पातील एखाद्या द्रव्याचे प्रमाण वाढविल्यास गुण वाढतो काय, असा प्रश्न औषधनिर्माते वारंवार विचारतात. मिश्रणाच्या बाबतीत हा प्रश्न अपूर्ण आहे. सर्व घटकांच्या प्रमाणांची बेरीज नेहमी १०० टक्केच असल्याने एक घटक वाढला की दुसरा घटतोच. म्हणून तो कोणाच्या जागी वाढविला, हे सांगितल्याविना फलाचा अर्थ लागत नाही.

सितोपलादि चूर्ण पाहू. खडीसाखर १६, वंशलोचन ८, पिप्पली ४, वेलची २ व दालचिनी १ असे यात एकूण ३१ भाग आहेत. ३ ग्रॅम मात्रेत पिप्पली सुमारे ०.३९ ग्रॅम जाते. पिप्पली ८ भाग करून इतर द्रव्ये तशीच ठेवल्यास एकूण ३५ भाग होतात. तेवढ्याच मात्रेत पिप्पली ०.६९ ग्रॅम येते, दुप्पट नव्हे. शिवाय उरलेली चारही द्रव्ये सुमारे ११ टक्क्यांनी घटतात. याउलट वाढीव ४ भाग खडीसाखरेतून वजा केल्यास पिप्पली ०.७७ ग्रॅम होते, पण खडीसाखर १.५५ वरून १.१६ ग्रॅमवर येते. दोन्ही ठिकाणी ‘पिप्पली वाढविली’ असेच म्हटले जाईल. रुग्णाने घेतलेली मिश्रणे मात्र भिन्न आहेत. दुसऱ्या मिश्रणाने घशात दाह झाला, तर तो पिप्पलीच्या वाढीने की शर्करेच्या घटीने, हे त्या एका प्रयोगावरून ठरत नाही.

संख्याशास्त्रज्ञ हेन्री शेफे यांनी १९५८ मध्ये अशा प्रयोगांसाठी समीकरणे मांडली. त्यांतील एकेरी पदाचा गुणांक म्हणजे ते द्रव्य एकटेच असता अपेक्षित फल होय. प्रमाण वाढविल्याचा परिणाम नव्हे. सर्व गुणांक समान असून गुणाकाराची पदे नसतील, तर ते कितीही मोठे असले तरी प्रमाण बदलून काहीच फरक पडत नाही. म्हणून गुणांकांची परस्पर तुलना करावी. अधिक फल इष्ट असता दोन द्रव्यांच्या गुणाकाराचा गुणांक धन आल्यास परस्परपूरकता, ऋण आल्यास विरोध समजावा. प्रयोगात तपासलेल्या मर्यादेबाहेर हे निष्कर्ष ताणू नयेत.

या विवेचनाचे व्यावहारिक महत्त्व मोठे आहे. महाग वंशलोचन कमी करून खडीसाखर वाढविल्यास वजन तेच राहते, कल्प मात्र तो राहत नाही. अशा चूर्णाचा गुण न आल्यास दोष ग्रंथोक्त योगावर येतो. यास्तव आमची विनंती अशी, की प्रत्येक घाण्याच्या नोंदीत सर्व घटकांचे प्रत्यक्ष वजन, एकूण वजन व रुग्णास दिलेली मात्रा लिहावी. वैद्याने अनुभव सांगताना आणि औषधनिर्मात्याने तो ऐकताना ही नोंद समोर असावी.