ताळेबंदातली श्रद्धा

लेखांक ७

घटनेच्या ३०व्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीची शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला, हे मागच्या लेखांकात आलंच आहे. पण हक्काच्या कागदाने संस्था निघते, चालते असं नाही. याचा जुना दाखला बंगालमधल्या सेरामपूरचा. मराठीचं व्याकरण १८०५ साली आणि कोश १८१० साली छापणारे मिशनरी विल्यम केरी यांनी साथीदारांसह १८१८ मध्ये तिथे कॉलेज काढलं. डेन्मार्कच्या राजाने १८२७ साली त्याला पदव्या देण्याची सनद दिली. तेव्हा मुंबई विद्यापीठाचा जन्म व्हायला अजून ३० वर्षं होती. पण १८३०च्या सुमारास कलकत्त्यातल्या व्यापारी पेढ्या बुडाल्या, त्यांत मिशनचा पैसा गेला, आणि त्या सनदेखाली धर्मशास्त्राची पहिली पदवी दिली गेली ती थेट १९१५ साली. म्हणजे ८८ वर्षं सनद पेटीतच. केरींच्या श्रद्धेवर कुणी बोट ठेवणार नाही. पैसा मात्र दुसऱ्याच्या तिजोरीत होता.

जालना जिल्ह्यात हे समजावून सांगायला बंगालपर्यंत जावं लागत नाही. पाण्याचा हिशेब न करता लावलेल्या मोसंबीच्या कितीतरी बागा २०१२-१३च्या दुष्काळात जळाल्या. लावणाऱ्यांचा विश्वास कमी नव्हता, विहिरीत पाणी नव्हतं. तरीही ख्रिस्ती संस्थांच्या बैठकांत आराखड्याचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, ‘देव पाहून घेईल, आपण उद्याचे आकडे मांडणं म्हणजे अविश्वास.’ हा आक्षेप भाबडा म्हणून उडवून लावण्यासारखा नाही, कारण त्यामागे बायबलमधलीच उद्याची चिंता न करण्याची शिकवण आहे. पण चिंता वेगळी आणि तजवीज वेगळी. बुरूज बांधायला निघालेल्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असा दाखला लूकच्या शुभवर्तमानात खुद्द येशूनेच दिला आहे. आणि घनसावंगी तालुक्यातल्या कुंभार पिंपळगावच्या वाचकाला तर शेजारच्या जांबच्या समर्थांची आठवण पुरेशी आहे. दासबोधात यत्नाला केवढी जागा आहे!

मग श्रद्धेचं काम काय? माझ्या मते, आकड्यांच्या जागी उभं राहणं हे तिचं काम नव्हे. तोटा कुणासाठी सोसायचा, हे ठरवणं तिचं काम. नफ्याचा आराखडा कुठलंही खासगी विद्यापीठ करतं. ख्रिस्ती म्हणवणाऱ्या विद्यापीठाच्या अंदाजपत्रकात एखादी ओळ तरी अशी हवी, जी केवळ धंद्याच्या हिशेबाने चुकीची ठरेल आणि तरीही पंचवीस वर्षं पुरेल इतक्या चोख तरतुदीने लिहिलेली असेल.

महाराष्ट्रात या कसोटीला लावून पाहावं असं उदाहरण पुण्याच्या औंध रस्त्यावर आहे. अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाची स्पायसर ही संस्था १९१५ साली कोइमतूरला सुरू झाली, बंगळुरूमार्गे १९४२ मध्ये पुण्यात आली आणि २०१४ साली राज्याच्या कायद्याने विद्यापीठ झाली. अनेक पुणेकरांना ती अजून पदवीपेक्षा पावासाठी आठवते. तिथल्या बेकरीतला ब्राउन ब्रेड घ्यायला दूरदूरची गिऱ्हाइकं यायची. ती बेकरी शोभेची नव्हती. विद्यार्थ्याने हाताने काम करावं, त्यातून फीचा काही भार हलका व्हावा, हे या पंथाचं शिक्षणाविषयीचं जुनं तत्त्व आहे. भट्टीपुढे पीठ मळणारा मुलगा वर्गात गेल्यावर उपकृत नसतो. मला यात प्रवचनापेक्षा जास्त धर्म दिसतो. विद्यापीठाचा दर्जा मिळाल्यावर मात्र कुठल्याही संस्थेला नव्या इमारती, नवे अभ्यासक्रम, नव्या पगारश्रेणी यांचा मोह पडतो, आणि आधी कात्री लागते ती नेमकी अशा ओळींना.

ही ओळ कुणासाठी, ते पुण्यातून नीट दिसत नाही. घनसावंगी तालुक्यातून दिसतं. कुंभार पिंपळगावात रेल्वे येत नाही. या पट्ट्यातली किती तरी कुटुंबं मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या आसपास गेलेली उन्हाळ्याच्या तोंडावर परततात, म्हणजे कॉलेजचं निम्मं वर्ष फडावर. त्यातून कुटुंब पूर्वाश्रमीचं अस्पृश्य आणि आता ख्रिस्ती असेल तर १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातीचा दर्जा नाही. तो आदेश शिखांसाठी १९५६ मध्ये आणि बौद्धांसाठी १९९० मध्ये सैल झाला, ख्रिस्ती दलितांसाठी नाही. अशा घरातल्या मुलीसाठी ‘प्रवेश सर्वांना खुला’ हे वाक्य कोरडं आहे. तिला वसतिगृह हवं, पहिल्या वर्षी मराठीतून इंग्रजीकडे नेणारा वर्ग हवा, आणि हंगामाला जुळणारं वेळापत्रक हवं.

हे अशक्य म्हणणाऱ्यांनी अहमदनगर, आताचं अहिल्यानगर, पाहावं. हार्वर्डमध्ये शिकलेले डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ साली अहमदनगर कॉलेज काढलं. मुंबई-पुण्याला जाऊ न शकणाऱ्या दुष्काळी जिल्ह्यातल्या मुलांसाठी ते कॉलेज होतं, आणि ती मुलं बहुतेक ख्रिस्ती नव्हती. पुढे ग्रामीण विकासाच्या अभ्यासाचं केंद्रही तिथेच उभं राहिलं. जालन्यातही त्याआधी, १९व्या शतकात, नारायण शेषाद्री यांनी निजामाच्या राज्यात बेथेल हे गावच वसवलं. शेती, शाळा आणि चर्च एकत्र.

इथे मोठा आक्षेप येतो, आणि तो टाळता येत नाही: हे सगळं धर्मांतरासाठीच ना? शेषाद्री स्वतः मिशनच्या शाळेतून १८४३ मध्ये ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याच्यावरून कोर्टकज्जा झाला, आणि त्याला परत जातीत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी बदनामी पत्करली. त्या काळच्या पालकांची भीती निराधार नव्हती. पण आज याचं उत्तर घोषणेत नाही, नियमात आहे: प्रवेश, गुण, नोकरी आणि वसतिगृहाची खोली यांतलं काहीही धर्मावर अवलंबून नाही, हे लेखी आणि तपासता येण्याजोगं हवं. २०११च्या जनगणनेत राज्यात ख्रिस्ती एक टक्क्याहूनही कमी होते. फक्त आपल्यांसाठी विद्यापीठ काढायचं तर वर्गच भरणार नाहीत, हा साधा हिशेबही इथे तत्त्वाच्याच बाजूने उभा आहे.

राहिला पैसा. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली. आलेली देणगी आता दुसऱ्या संस्थेला देता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. अमेरिकेतल्या चर्चकडे डोळे लावून बसण्याचे दिवस संपले, आणि मला त्याचं फारसं वाईट वाटत नाही. माजी विद्यार्थ्यांची देणगी, कायम निधी, स्वतःच्या जमिनीचं उत्पन्न, आणि हो, बेकरी: याच विहिरी आता आपल्या. ख्रिस्ती विद्यापीठाचा पुढल्या पंचवीस वर्षांचा आराखडा कुणी तुमच्या हाती दिला, तर इमारतीची चित्रं उलटा आणि फडावरून परतलेल्या मुलीच्या वसतिगृहाचा खर्च कुठल्या खात्यावर टाकला आहे ते शोधा. ते पान नसेल तर आराखडा परत करा.